मऊ पाणी, तिखट पाणी

इकडेतिकडे बघू नका, वर बघा. डार्करूमच्या सिंकवर जी फळी आहे ना, तिच्यावर पालथी घातलेली, बुडाला पोचा आलेली स्टीलची टाकी, ती मी. उंचीनं तांब्यापेक्षा थोडी जास्त. तुम्हाला मी चहापत्तीचा डबा वाटले असेन, तर त्यात नवल नाही. मालकांच्या सासूबाई एकदा माझ्यात साखर भरायला निघाल्या होत्या. थोडक्यात वाचल्या बिचाऱ्या!

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कॅमेऱ्यातून फिल्म निघाली की ती मिट्ट काळोखात तारेच्या चकरीवर गुंडाळतात, चकरी माझ्या पोटात ठेवतात आणि वर झाकण घट्ट बसवतात. मग खोलीत दिवा लावला तरी चालतो, माझ्या पोटात उजेडाचा कण शिरत नाही. झाकणाच्या तोंडातून पाणी ओततात. पाणी म्हणजे डेव्हलपर, पण या स्टुडिओत सगळे त्याला पाणीच म्हणतात. फिल्मवर चित्र आलेलं असतं पण दिसत नसतं. ते दिसायला लावतं हे पाणी. त्यानंतर पक्कं करणारं दुसरं पाणी, मग नळाखाली धुणं, की झालं. मी म्हणजे आपलं नुसतं पोट. पण कुठलं पाणी कुणाच्या फोटोचं काय करतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही, हे मात्र मी छातीठोक सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची सपाट चकती होते, यंत्रानं एक दणका दिला आणि मी खोलगट झाले. तो दणका आठवला की अजून अंग शहारतं. मग खोका, मग दुकानाची काच, आणि एक दिवस एक घामाघूम गृहस्थ आले, ‘हीच द्या, बांधू नका’ म्हणाले आणि मला काखेत मारून चालू लागले.

ते वर्तमानपत्राचे फोटोग्राफर. मी त्यांना घाईवाले म्हणायचे. हा माणूस उभ्यानं जेवायचा आणि बसल्या बसल्या झोपायचा. फोटो कसले काढायचे, तर आगीचे, सभांचे, अंधाऱ्या हॉलमधल्या खेळांचे. त्यांच्याकडे एकच बाटली असे, तिखट पाण्याची. उजेड कमी पडलेल्या फिल्मवर जे काही पुसट उमटलेलं असेल, ते हे पाणी ओढून बाहेर काढी. चारशेची फिल्म त्याच्यात जवळजवळ आठशेसारखी चाले. हा आकडा फिल्मच्या वेगाचा, जितका मोठा तितक्या कमी उजेडात भागतं. बदल्यात फोटोवर वाळूसारखे कण दिसायचे. घाईवाले म्हणायचे, “कण दिसू देत, माणूस दिसला पाहिजे.”

त्यांची एक सवय मात्र चांगली होती. प्रत्येक रोलवर पेन्सिलीनं आकडा टाकायचे, आठशेवर काढला की सोळाशेवर. कारण जिथं उजेड मुळी पडलाच नाही, तिथं जगातलं कुठलंच पाणी काही उगवून दाखवत नाही. फिल्म माझ्या पोटात किती जास्त वेळ ठेवली तरी पांढरं अजून पांढरं होत जातं, काळोखातलं मात्र तसंच काळं राहतं. तेव्हा फोटो कसा काढलाय ते आधी माहीत हवं आणि पाणी त्याप्रमाणे निवडायला हवं.

पाठ धरली तसे घाईवाले निवृत्त झाले आणि जाता जाता मला आपल्या मित्राला देऊन गेले. तो मित्र म्हणजे माझे आत्ताचे मालक. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांचा स्टुडिओ. इथं आले आणि मला वाटलं, मी माहेरी आले! घाई नाही, आरडाओरडा नाही. मालक मला दोन्ही हातांनी धरायचे. पाण्याचं तापमान वीसच्या वर अर्धा अंश गेलं तरी थांबायचे, थंड होऊ द्यायचे.

इथलं पाणी मऊ. काय सांगू त्याचं! कण इतके बारीक की गाल साईसारखा दिसायचा. मालकांचं गिऱ्हाईकही तसंच: लग्न ठरवायला निघालेल्या मुली, नोकरीवाले, आजी-आजोबा. सगळ्यांना आपण आहोत त्याहून थोडे बरे दिसायचं असतं, आणि त्यात काय वाईट आहे? पण मऊ पाणी फुकट मऊपणा देत नाही. ते फिल्मचा वेग खातं. चारशेची फिल्म त्याच्यात दोनशेचीच होते, म्हणजे फोटो काढताना उजेड दुप्पट द्यावा लागतो. म्हणून या घरात उजेड मोजायच्या मीटरची चकती कायमची दोनशेवर. मालकांनी लावली दोनशे, त्यांच्या हाताखाली शिकलेल्यांनी लावली दोनशे. चाळीस वर्षांत कुणी रोलवर आकडा लिहिला नाही की तोंडानं उच्चारला नाही. सांगायचं काय त्यात? दोनशेच असणार.

आणि एवढ्यानं भागलं नाही तर पेन्सिल. मालक निगेटिव्ह काचेवर ठेवून, टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या, डाग, व्रण हळूच भरून काढायचे. पंचक्रोशीत त्या पेन्सिलीचं नाव होतं.

मग संगणकाचे कॅमेरे आले आणि आमचे वाईट दिवस सुरू झाले. मालकांनी माझ्यात रंगाचे ब्रश उभे करून ठेवले. सात वर्षं! कुणी बघायला तयार नाही. मी मनात म्हटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात मालकांची मुलगी शिकून परत आली. तिशीची, केस कापलेले, जीभ सपासप. आल्या आल्या ब्रश काढून टेबलावर आपटले. “बाबा, ही काय ब्रश ठेवायची वस्तू आहे?” मला घासलं, पुसलं, झाकणाला नवा टेप लावला. फिल्मवर फोटो काढून घेणारे हौशी लोक तिनं कुठून कुठून जमवले आणि डार्करूमची बत्ती पुन्हा लागली. फळीवर आता दोन बाटल्या उभ्या राहिल्या, बापाची मऊ आणि लेकीची तिखट. दोघं एकमेकांच्या बाटलीला हात लावत नसत. ती मला हलवताना माझ्याशी बोलत बसते, त्यामुळे डार्करूमच्या बाहेरचंही सगळं मला कळतं. आता जे सांगणार आहे, त्यातलं अर्धं तिच्याच तोंडून ऐकलंय.

मालकांना एक मोठी बहीण. मुलगी त्यांना आत्या म्हणते, मी आत्याबाई म्हणते. सत्तरीच्या, शिवणकाम करणाऱ्या, कोटाची बाही बसवावी ती त्यांनीच. बोलण्यात धारदार, मनानं लोणी. त्यांच्या उजव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत भाजल्याचा व्रण आहे, लहानपणचा. फोटोचं नाव काढलं की त्या उठून जायच्या. सरकारी कागदांसाठी काढावे लागले तेवढे मालकांनीच काढले, आणि त्या प्रत्येकावर तो व्रण पेन्सिलीनं असा भरला की विचारता सोय नाही. आत्याबाई ते फोटो घ्यायच्या, पाकीट न उघडता पर्समध्ये टाकायच्या.

गेल्या वर्षी त्यांचे डोळे बिघडले. आतला दाब वाढला, नजर कडेकडेनं विझत चालली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दूरच्या गावच्या मोठ्या हॉस्पिटलात. दिसेल की नाही याची खात्री कुणी देईना. निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच त्यांनी भावाला बोलावणं पाठवलं.

“धाकट्या,” त्या म्हणाल्या (सहासष्टचे मालक त्यांचे अजून धाकटेच!), “डोळे जायच्या आत मला माझं तोंड एकदा बघायचंय. आरशात आता नुसतं धुकं दिसतं. हातात धरून, भिंग लावून, सावकाश बघायचंय. फोटो काढ.”

मालकांचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

“पण माझं तोंड हं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पेन्सिलीचं नको. आणि एकच रोल. संध्याकाळपर्यंत हातात दे, उद्या पहाटे माझी गाडी आहे.”

मोठे दिवे त्यांच्या डोळ्यांना सोसत नव्हते, म्हणून शिवणाच्या खोलीतच फोटो काढायचा ठरला. त्या मशीनवर बसल्या. खिडकी डावीकडे, म्हणजे व्रणाची बाजू सावलीत. बाहेर ढग दाटलेले. मुलीनं सावलीकडे उजेड फेकायला पांढरी चादर धरली तर आत्याबाईंनी हाकलली, “ते फडकं काढ आधी, डोळ्यात जातंय!”

मालक कॅमेऱ्यामागे, मुलगी मीटर घेऊन आत्याबाईंच्या गालाशी. मालकांचे हात जरा थरथरत होते, शटर तीसच्या, म्हणजे सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या, खाली नेलं तर फोटो हलला असता. मुलीनं ते पाहिलं, उजेड पाहिला, आणि मीटरची चकती दोनशेवरून आठशेवर नेली. तिच्या मनात सरळ हिशोब, तिखट पाणी आहेच की. “तीस, दोन पॉइंट आठ,” तिनं सांगितलं. मालकांनी कॅमेरा लावला. त्यांना वाटलं ढग सरकला असेल. विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. बारा फोटो काढून झाले.

मुलगी आत्याबाईंची बॅग भरायला थांबली आणि मालक एकटेच स्टुडिओत आले. काळोखात रोल चकरीवर चढवला. बराच वेळ मला पोटाशी धरून उभे राहिले. मग दिवा लावला आणि नेहमीची बाटली उतरवली.

मला काय माहीत होतं तेव्हा? काही नाही. मऊ पाणी मोजपात्रात वीस अंशांवर आलं, मालकांनी घड्याळ लावलं, पात्र माझ्या तोंडाशी आणलं. इतक्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली.

“बाबा! ओतलं नाही ना अजून?” ती दाराबाहेरूनच ओरडली.

“ओततोय. का?”

“कोणतं?”

“कोणतं म्हणजे? आपलंच.”

“मऊ? थांबा! अहो, मी मीटर आठशेवर लावलं होतं!”

मोजपात्र माझ्या झाकणावर टेकलं होतं. एक थेंब आत पडायचा तो बाहेर ओघळला. सांगते तुम्हाला, माझ्या पत्र्याला घाम फुटला.

“आठशे?” मालक म्हणाले. “कुणी सांगितलं होतं तुला आठशे लावायला?”

“त्या उजेडात तुम्हाला तीस कुठून मिळालं असं वाटलं? दोनशेवर आठ सुद्धा कसंबसं मिळालं असतं.”

“मला वाटलं ढग सरकला.”

“आणि मला वाटलं तुम्हाला कळलं.” ती धापा टाकत स्टुलावर बसली. “मऊमध्ये चार हिस्से उजेड हवा होता, आपण एक दिलाय. सावलीतलं काही म्हणजे काही येणार नाही. बरं झालं पळत आले. ओता ते परत, तिखट घेऊ.”

मालकांनी पात्र तसंच धरून ठेवलं.

“बाबा?”

“काय काय येणार नाही म्हणालीस?”

“उजवा गाल. कानापासून हनुवटीपर्यंत सगळं काळं.”

“मग होऊ दे,” मालक हळू आवाजात म्हणाले. “डावी बाजू छान येईल, मऊ. पेन्सिल लावायला नको, तिनं पेन्सिलच नको म्हटलंय ना? सावलीच आहे ती. फोटोत सावली असतेच.”

मुलगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मीही. माझे मालक, जे अर्ध्या अंशासाठी दहा मिनिटं थांबतात, ते जाणूनबुजून फिल्म बिघडवायला निघाले होते.

“आत्यानं काय मागितलं होतं तुमच्याकडे?” ती म्हणाली. “उद्या तिचे डोळे गेले तर? शेवटचं म्हणून अर्धं तोंड दाखवणार तुम्ही तिला?”

“तुला माहीत नाही, पोरी.”

“मग सांगा.”

मालकांनी मोजपात्र सिंकमध्ये ठेवलं. माझ्यावरचा हात मात्र काढला नाही. “मी पाच वर्षांचा होतो,” ते म्हणाले. “टेबलावर उकळत्या पाण्याचं पातेलं होतं. खाली कापड होतं, ते मी ओढलं. मजा म्हणून. ताईनं मला ढकललं आणि सगळं तिच्यावर आलं. आईला काय सांगितलं तिनं, माहितेय? माझाच धक्का लागला म्हणाली. नऊ वर्षांची होती. आजपर्यंत कुणाला बोलली नाही, मलासुद्धा नाही. मी पेन्सिल घेतली की वाटायचं, थोडं भरून आलं. तेवढंच.”

आणि म्हातारा माणूस सिंकपाशी उभा राहून ढसाढसा रडला. मला फार वाईट वाटलं हो. चाळीस वर्षं या हातांनी मला सांभाळलं आणि त्या हातांत हे होतं, याचा मला पत्ता नव्हता.

मुलीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “बाबा, पेन्सिलीनं तुम्हाला बरं वाटतं. तिला कधी वाटलं?”

मालकांनी डोळे पुसले. मऊ पाणी बाटलीत परत ओतलं, बूच लावलं आणि लेकीची बाटली स्वतः खाली उतरवली. पहिल्यांदाच.

“किती मिनिटं?” त्यांनी विचारलं.

“घट्ट घेतलं तर आठ. पण खिडकी आहे फ्रेममध्ये, ती पांढरीफटक होईल. दोन फ्रेम कापून आधी बघितलं असतं, पण काळोखात कुठली फ्रेम कापली जाईल सांगता येत नाही, आणि बाराच तर आहेत. निम्मं साधं पाणी घालून पातळ करू, पंधरा मिनिटं. हलवायचं मात्र अगदी हळू.”

“पातळ केल्यानं खिडकी आवरेल?”

“उजेडाच्या जागी पाण्याची ताकद लवकर संपते, सावलीत ते काम करत राहतं. म्हणून हळू हलवायचं.”

चाळीस वर्षांचा कसलेला कारागीर, लेकीकडून मिनिटं विचारून घेत होता! त्यांनी पाणी ओतलं. मी ते ओळखलं, पूर्वी रोजचंच होतं ते माझं. पण ते असं हळुवार कुणी दिलं नव्हतं. मिनिटाला एकदा मालक मला उलटी करत, सुलटी करत आणि परत ठेवत. मी माझं झाकण जिवाच्या आकांतानं घट्ट धरून ठेवलं.

धुतल्यावर मुलीनं फिल्म उजेडात धरली. “कोरं नाहीये,” ती म्हणाली. “बाबा, बघा. सावलीत फिकट करडं आहे. आलंय!” मालकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि मान हलवली. तोंड फिरवून त्यांनी नळ उगाच दोनदा सोडला, दोनदा बंद केला.

पाचच्या सुमाराला मोठा प्रिंट निघाला. तो अजून ओला असतानाच जिना करकरला. आत्याबाईंना दम निघतो थोडाच! कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत त्या वर आल्या आणि थेट डार्करूममध्ये शिरल्या. मुलीनं मोठा दिवा लावायचा टाळला, खिडकीचा काळा पडदा तेवढा बाजूला केला. आत्याबाईंनी पर्समधून सुई ओवायचं भिंग काढलं आणि फोटोवर ओणवल्या.

मीही फळीवरून बघत होते. मऊ पाण्याची साय त्यात नव्हती. बारीक कण होते, खरखरीत कापडासारखे. डाव्या गालावर उजेड, खिडकीच्या चौकटीची रेघ न् रेघ जागेवर. उजवीकडे सावली, आणि सावलीत पूर्ण गाल. व्रणाची प्रत्येक घडी दिसत होती, कानाची पाळी जिथं आखडलीय तीही. पेन्सिलीनं मिटवलेल्या त्या सगळ्या फोटोंपेक्षा ही बाई मला कितीतरी जिवंत वाटली.

आत्याबाईंचं भिंग डाव्या गालापासून सुरू झालं, नाकापाशी थबकलं, उजव्या गालाकडे गेलं. तिथं बराच वेळ राहिलं. मालक दाराच्या चौकटीला धरून उभे, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे.

“डोळे आईचे घेतलेत मी,” आत्याबाई म्हणाल्या. “कुणी बोललं नाही कधी. आणि नाक कुणाचं गं हे, एवढं मोठं?”

मुलगी हसली.

“ताई,” मालक म्हणाले, “ते पातेलं...”

“माहितेय मला. मी होते ना तिथं!” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “धाकट्या, पाणी सांडलं त्याचा राग मला कधीच आला नाही. पाच वर्षांचं पोर तू. राग यायचा तो तुझ्या पेन्सिलीचा. मला वाटायचं, याला माझं तोंड बघवत नाही.”

मालक पुन्हा रडले, पण आता बहिणीच्या खांद्यावर. “गप रे,” त्या म्हणत होत्या, “ओला फोटो भिजवशील आणखी.”

आता माझं म्हणाल तर ठीक चाललंय. बुडाला पोचा आहे, झाकण थोडं गळतं, पण आठवड्याला चार-पाच रोल पोटात येतात. आता प्रत्येक रोलवर आकडा लिहिलेला असतो. फळीवर मऊ आणि तिखट शेजारी शेजारी असतात आणि दोघंही दोन्ही वापरतात. मऊ पाण्याला मी नावं ठेवत नाही हं, ज्याला ते हवं त्यानं खुशाल मागावं. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे, की माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर तिच्या तोंडाशी पाणी नेण्याआधी एकदा थांबा आणि फोटो ज्याचा आहे त्याला काय बघायचंय ते विचारा.

आत्याबाईंचं ऑपरेशन झालं. एक डोळा गेला, दुसऱ्यानं थोडं दिसतं. फोटो त्यांनी मशीनसमोरच्या भिंतीवर लावलाय. मुलगी परवा मला हलवता हलवता सांगत होती, की बाबा आत्याकडे गेले की नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायचे, सगळ्या जन्मात कधी दुसरीकडे बसलेले तिनं पाहिले नव्हते. परवा त्यांनी खुर्ची उचलली, मशीनला वळसा घातला आणि आत्याच्या उजवीकडे जाऊन बसले.